खाली कोण बसणार?

माझ्या हॉलचं स्टेज तुम्ही पाहिलं नसेल तर शिरवण्यात कुणालाही विचारा. आमच्यात हळदीला नवरा एकटा नाचत नाही. त्याचे मामे, मामांचे मेव्हणे, मेव्हण्यांचे पार्टनर, सगळे वर चढतात. म्हणून शेती गेल्यावर मी जो हॉल बांधला, त्याचं स्टेज आधी बांधलं आणि उरलेल्या जागेत हॉल बसवला. एका हळदीला त्या स्टेजवर डीजेचा टेम्पो, बँजोवाले, घोडा आणि घोड्यावर रुसून बसलेला नवरदेव असं सगळं एकदम चढलं होतं. स्टेज हललं नाही. घोडा मात्र त्यानंतर जमिनीवर चालायला तयार होईना. त्याला उंचावर उभं राहायची गोडी लागली होती.

घोड्याचं आधी सांगून टाकलं ते बरं झालं. कारण पुढं जे सांगणार आहे ते शिकलेल्या माणसांचं आहे, आणि त्यावर तुमचा विश्वास बसायला जास्त त्रास होईल.

कमळाकर माझा पुतण्या. भावाला गेलेल्या शेतीच्या बदल्यात सरकारकडून मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर बिल्डिंग झाली, भाडी सुरू झाली, आणि भाडी घेणं हे काही दिवसभराचं काम नाही हे कळल्यावर कमळाकर चाळिशीत कॉलेजात गेला. शनिवार-रविवारचा मॅनेजमेंटचा कोर्स. विद्यापीठाचं नाव मी सांगणार नाही. त्यांच्या पदव्यांना आधीच काय किंमत आहे ते सगळ्यांना माहीत आहे. कोर्स संपला आणि कमळाकर त्यांच्या माजी विद्यार्थी संघाच्या नवी मुंबई शाखेचा अध्यक्ष झाला. निवडणूक वगैरे काही झाली नाही. मीटिंगला हॉल फुकट कोण देईल, असं विचारलं गेलं आणि ह्यानं माझ्याकडं बोट दाखवलं.

त्यानंतर गेटवर पाटी लागली, ‘अध्यक्ष, नवी मुंबई शाखा’. मग गाडीच्या काचेवर. मग गणपतीच्या बॅनरवर बाप्पाच्या दुप्पट फोटो आणि खाली तेच. पोराच्या लग्नपत्रिकेत नवऱ्याच्या शिक्षणाची ओळ काढून तिथं बापाचं अध्यक्षपद घातलं. लोक म्हणतात, घरच्या कुत्र्याच्या पट्ट्यावरही आहे. मी वाकून बघितलेलं नाही, पण ते कुत्रं हल्ली दुसऱ्या कुत्र्यांवर भुंकण्याआधी घसा साफ करतं, एवढं मी स्वतः ऐकलंय.

दर महिन्याच्या एका रविवारी संध्याकाळी माझ्या हॉलवर ‘वक्ता आणि नेटवर्किंग’ असा कार्यक्रम व्हायचा. म्हणजे एक वक्ता बोलावायचा, तो ‘शून्यातून शिखराकडे’ ह्या विषयावर बोलणार, आणि मग सगळ्यांनी एकमेकांना कार्डं वाटायची. वक्ता कुठलाही असो, विषय हाच. पापडवाला असो नाहीतर पंपवाला, सगळे शून्यातूनच निघालेले. सधन घरातून निघालेला माणूस मी त्या माइकवर कधी ऐकला नाही.

आणि कार्डं! विमावाला दुसऱ्या विमावाल्याला विमा विकायचा. फ्लॅट विकणारा फ्लॅट विकणाऱ्याला फ्लॅट दाखवायचा. घेणारा त्या हॉलमध्ये एकच होता, तो म्हणजे दारातून आत आलेला एक कावळा. त्यालाही जुईनगरच्या बाजीरावनं कार्ड दिलं. त्याचं बघून इतरांनी दिलं. कावळ्यानं सगळी चोचीत धरून मागच्या जांभळावर घरटं बांधलं. वाळलेल्या काड्या नाहीत, तारा नाहीत, निव्वळ कार्डं, वर लॅमिनेशन. पावसाळ्यात थेंब आत गेला नाही. त्या घरट्यातून जी पिल्लं निघाली ती सगळीच्या सगळी संस्थापक-संचालक. ओरडताना आधी नाव, मग बॅच, मग व्यवसाय, असा मध्ये मध्ये श्वास घेतात. या, ऐकवतो.

तर हे असं सुखात चाललेलं असताना विद्यापीठाकडून फर्मान आलं. ज्या शाखेच्या कार्यक्रमाला सभागृह भरत नाही, ती शाखा शेजारच्या शाखेत विलीन करण्यात येईल. तपासायला तिथल्या नमिता मॅडम येणार. त्या भरलेल्या सभागृहाचा फोटो काढून नेणार, आणि तो विद्यापीठाच्या मासिकात छापला की शाखा वाचली.

नवी मुंबईच्या शेजारची शाखा म्हणजे ठाणे.

कमळाकर माझ्याकडं आला तेव्हा त्याचा चेहरा उकडलेल्या बोंबलासारखा झाला होता.

“काका, ठाण्यात घालतायत आपल्याला. ठाण्यात! मग मी कोण?”

“तू कमळाकर,” मी म्हटलं. “आधी होतास तोच.”

“तसं नाय हो. पाट्यांचं काय करू?”

माझी बायको काशी आतून चहा घेऊन आली. चहात साखर घालते तशी ती बोलण्यात कधी घालत नाही. म्हणाली, “पाट्या उलट्या कर रं कमल्या. मागं कोरं हाय. नवीन कायतरी लिव.”

कमळाकरनं तिच्याकडं दुर्लक्ष केलं आणि उन्नतीला फोन लावला. उन्नती शाखेची सेक्रेटरी. ऐरोलीला कुठल्यातरी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आणि कार्यक्रमाचं सगळं काम तिच्या एकटीवर. वक्ता ठरवणं, पत्रिका, माइक, समोसे, सगळं ती करायची. बाकीचे सूचना करायचे. ह्या वेळी तिनं खरंच चांगला वक्ता गाठला होता. उदयसिंह नावाचा माणूस, त्याच विद्यापीठात शिकलेला, कोल्ड स्टोरेजचा मोठा धंदा. तो म्हणे फारसा कुठं बोलायला जात नाही. हीच त्याची पहिली लायकी.

“वक्ता चांगलाय, सर,” उन्नती म्हणाली. “आता फक्त माणसं हवीत.”

माणसं काय, कमळाकरला वाटलं, फोन केला की येतील. त्यानं पहिला फोन बाजीरावला केला. बाजीराव म्हणजे शाखेतला जुना माणूस. कामधंदा ‘सल्लागार’. कसला, ते त्याच्या बायकोलाही अजून कळलेलं नाही.

“येतो ना,” बाजीराव म्हणाला. “पण मी बसणार कुठं?”

“खुर्चीवर.”

“अरे ते कळलं. कुठल्या? वरच्या का खालच्या?”

कमळाकरनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, “वरच्या. स्टेजवर. मार्गदर्शक म्हणून.”

इथंच घोळ झाला. बाजीराव मार्गदर्शक म्हणून स्टेजवर बसणार हे वाशीच्या मितेशला कळलं. मितेशचा मार्केटमध्ये सुक्या मेव्याचा गाळा. तो म्हणाला, “बाजीराव वर बसणार आणि मी खाली? माझी बॅच त्याच्या आधीची हाय, शेठ. मी येतच नाय.” म्हणून मितेश ज्येष्ठ मार्गदर्शक झाला. मितेशचं ऐकून त्याच्या बॅचचे सगळे रुसले. ते विशेष निमंत्रित झाले. मग सहनिमंत्रक निघाले, स्वागतोत्सुक निघाले, आधारस्तंभ निघाले. शेवटी शेवटी पदं संपली तेव्हा कमळाकरनं एका भुरट्या इस्टेट एजंटला ‘प्रेरणास्थान’ करून टाकलं. तो माणूस मला भाडेकरू आणून देतो म्हणून तीन वर्षं सांगतोय. कुणाला काय प्रेरणा दिली त्यालाच ठाऊक.

नाही कुणालाच म्हणायचं नव्हतं. नाही म्हटलं की तो येणार नाही, तो आला नाही की हॉल भरणार नाही, हॉल भरला नाही की ठाणे. असं करत कमळाकरनं फोनवरून सबंध शाखा स्टेजवर चढवली.

उन्नतीनं यादी बघितली आणि म्हणाली, “सर, सगळे वर बसले तर खाली कोण बसणार?”

“पब्लिक,” कमळाकर म्हणाला.

“पब्लिक म्हणजे कोण? शाखेचे सभासद हेच आहेत.”

“अगं, कार्यक्रम मोठा असला की पब्लिक येते!” असं म्हणून तो माझ्याकडं वळला. “काका, स्टेज पेलेल ना?”

आता स्टेजबद्दल मला कुणी असं विचारावं? मी म्हटलं, “घोड्याला विचार.”

रविवारी दुपारपासून मीच खुर्च्या चढवायला घेतल्या. तेवढ्यात बाजीराव आला, स्वतःची जागा बघायला. मागच्या रांगेतली खुर्ची बघून त्याचं तोंड वाकडं झालं.

“इथून मी फोटोत दिसणार नाही.”

“मग डोकं वर काढ,” मी म्हटलं.

“मी मार्गदर्शक आहे, काका. कासव नाही.”

माझ्याकडं लग्नाच्या फोटोचे लाकडी ओटे आहेत, पायऱ्या पायऱ्यांचे. आख्खी भावकी एका फोटोत मावायची म्हणजे मागच्यांना उंचावर उभं करावं लागतं, नाहीतर फोटोवरून पुढं कोर्टकचेरी होते. ते ओटे मी स्टेजवर मांडले आणि त्यांवर रांगा लावल्या. पुढची रांग खाली, मागची वर, तिच्या मागची आणखी वर. सगळ्यांची तोंडं समोर. मध्यभागी पहिल्या रांगेत कमळाकरची सोफ्याची खुर्ची, त्यावर नवरदेवाची लाल गादी. स्टेज डोळ्यांत भरत होतं. खाली हॉलमध्ये रिकाम्या खुर्च्यांवर पंखे फिरत होते.

संध्याकाळी एकेक मान्यवर आले. कोटात. ह्या हवेत कोट! गाडीतून उतरून दारापर्यंत येईपर्यंत त्यांच्यातलं निम्मं पाणी उडून जायचं. दारात उन्नती गुलाब देत होती आणि प्रत्येक जण तिला एकच विचारत होता, “स्टेजला कुठून जायचं?” खालच्या खुर्च्यांकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. एकानं तिथं रुमाल ठेवला, मला बरं वाटलं. मग तो रुमाल उचलून त्यानं बूट पुसले आणि तो वर गेला.

उदयसिंह वेळेवर आला. साधा शर्ट, हातात पिशवी. उन्नतीनं त्याला स्टेजपर्यंत नेलं आणि ती थांबली. वर एकही खुर्ची रिकामी नव्हती. वक्त्याची खुर्ची मांडलेली मी डोळ्यानं बघितली होती. पण त्यावर आता प्रेरणास्थान बसलं होतं.

“सर, ही वक्त्यांची जागा आहे,” उन्नती म्हणाली.

“मला फोनवर स्टेज सांगितलंय,” प्रेरणास्थान म्हणालं आणि खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसलं.

उदयसिंह हसला आणि खाली येऊन माझ्या शेजारी बसला. काशीनं त्याला समोसा दिला.

“तुमी कनाला आलाव?” काशीनं विचारलं.

“भाषण द्यायला.”

“मग खाऊन घ्या आदी. ह्यांचा कायबी भरवसा नाय.”

एवढ्यात नमिता मॅडम आल्या. हातात मोबाइल, गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र. त्या दारात उभ्या राहिल्या, रिकाम्या हॉलकडं बघितलं, आणि म्हणाल्या, “मी लवकर आले का?”

माइकवर कमळाकर होता. त्यानं मॅडमना बघितलं, आणि पहिल्यांदाच, बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच, स्टेजवरून खाली बघितलं. खाली मी, काशी, उदयसिंह आणि समोशांचा डबा. माइकमधून त्याचा आवंढा गिळल्याचा आवाज शिरवण्यातल्या शेवटच्या घरापर्यंत गेला.

“मान्यवरांना नम्र विनंती,” तो म्हणाला, “की काही मान्यवरांनी कृपया खाली प्रेक्षकांत बसून घ्यावं.”

कुणी हललं नाही. सगळ्यांना ती विनंती शेजारच्यासाठी होती असं वाटलं.

“मितेशशेठ, तुम्ही जरा...”

“मी? मी ज्येष्ठ मार्गदर्शक! बाजीरावला सांग, तो नुसता मार्गदर्शक हाय.”

“मी सगळ्यात आधी हो म्हणालो होतो,” बाजीराव म्हणाला. “नंतरच्यांनी उतरावं.”

मागच्या उंच रांगेतून कुणीतरी ओरडलं, “अध्यक्षांनीच आदर्श घालून द्यावा!” त्यावर सगळ्या स्टेजनं टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यानं उतरावं ह्यावर मात्र एकमत झालं होतं.

“मी उतरलो तर अध्यक्षस्थानी कोण?” कमळाकर म्हणाला, आणि पटकन आपल्या लाल गादीवर बसून घेतलं. उठलो तर गेली, हे त्याला कळत होतं. दुसऱ्याच्या खुर्चीवर डोळा ठेवून माणसं तिथं अशी बसली होती की शिंक आली तरी बसल्या जागीच देत होती.

मग वेळ काढायला परिचय सुरू झाले. एकेकाला एक मिनिट. बाजीरावच्या एका मिनिटात माझा पंखा दोनदा बंद पडून चालू झाला आणि काशी घरी जाऊन दूध तापवून आली. मितेशनं ह्याला उत्तर म्हणून दोन मिनिटं घेतली, ती अजून चालू असतील. नमिता मॅडम मोबाइल पर्समध्ये टाकायला लागल्या. उदयसिंहनं पिशवी उचलली.

“काका,” उन्नती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “स्टेजवरचा माइक तुम्हाला इथून बंद करता येतो ना?”

“हळदीला करतोच की. त्याशिवाय कुणी घरी जात नाही.”

“मग करा. आणि हा खालचा चालू करा.”

मी केला. मितेशचे ओठ हलत राहिले. त्याला फरक कळला नाही. उन्नतीनं खालचा माइक उदयसिंहच्या हातात दिला आणि त्याला स्टेजच्या पुढ्यात, वर तोंड करून उभं केलं. मग नमिता मॅडमना हाताला धरून त्याच्या मागं नेलं, हॉलच्या मधोमध.

“मॅडम, इथून बघा.”

मॅडमनी बघितलं. मीही जाऊन बघितलं. पुढं पाठमोरा वक्ता, हातात माइक. त्याच्यासमोर पायऱ्या पायऱ्यांनी चढत गेलेल्या रांगा, एकही खुर्ची रिकामी नाही, सगळ्यांची तोंडं वक्त्याकडं. कोटातली, गुलाब लावलेली, गच्च भरलेली सभा. असं सभागृह दिल्लीत भरत नाही.

वर कमळाकरनं ते बघितलं. मोबाइल कुठं रोखलाय ते बघितलं, आपण पहिल्या रांगेत मधोमध बसलोय ते बघितलं, आणि त्याला कळलं. तो अर्धा उठला. ओरडून सांगितलं असतं, ‘हे स्टेज आहे,’ तर अध्यक्ष म्हणून त्याचा मान राहिला असता आणि शाखा गेली असती. तो तसाच अर्धा उठलेला, गादीला धरून. मग हळूच बसला, हाताची घडी घातली आणि भाषण ऐकत असल्यासारखा चेहरा केला. तो चेहरा त्याला कसा जमला देव जाणे. आधी कधी करावा लागला नव्हता.

उदयसिंहचं भाषण मला आवडलं, कारण ते लहान होतं. म्हणाला, “मी तीनदा धंदा बुडवला. तिन्ही वेळा माझ्याकडे मोठं सल्लागार मंडळ होतं. चौथ्या वेळी नव्हतं. एवढंच सांगायचं होतं. समोसा छान होता.” स्टेजनं टाळ्या वाजवल्या. प्रत्येकाला वाटलं, आपल्याच परिचयाला.

महिनाभरात मासिक आलं. आतलं सबंध पान रंगीत. ‘नवी मुंबई शाखा : श्रोत्यांनी खचाखच भरलेलं सभागृह.’ विद्यापीठाचं अभिनंदनाचं पत्र आलं, विलीनीकरण रद्द. कमळाकर पेढे घेऊन आला. काशीनं एक तोंडात टाकला आणि म्हणाली, “फोटोत पयल्याच रांगेत बसलाय रं. किती ध्यान देऊन ऐकतंय माजं बाळ!”

पेढा घशात होता तोच फोन वाजला. बाजीराव.

“मी श्रोता?” फोन कानाला लावायची गरजच नव्हती. “कमळाकर, हा फोटो माझ्या सासरवाडीला गेलाय! मेव्हणा विचारतो, दाजी, कुणाचं भाषण ऐकायला गेला होता? आजवर मी कुणाचं ऐकलंय का?”

मग मितेश. मग विशेष निमंत्रित. प्रेरणास्थानानं तर वकिलाकडून विचारलं, की माझ्या अशिलाची श्रोता म्हणून बदनामी का करण्यात आली. सगळ्यांची एकच मागणी. मासिकात खुलासा छापा, की फोटोतली सर्व मंडळी श्रोते नसून मान्यवर होती आणि ती स्टेजवर बसली होती.

कमळाकरनं उन्नतीला बोलावून घेतलं.

“खुलासा छापता येईल, सर,” ती म्हणाली. “पण मग ते विचारतील, श्रोते कुठं होते?”

कमळाकरनं दोन दिवस जेवण टाकलं, असं तो सांगतो; जेवायला तो आमच्याकडं होता. शेवटी त्यानं ठरवलं. खुलासा नाही. शाखा राहिली पाहिजे. शाखा राहिली तर पाट्या राहतील.

त्यावर मान्यवरांनी एकमुखानं राजीनामे दिले आणि सगळे ठाण्याला गेले. ठाण्याच्या अध्यक्षानं म्हणे त्यांना फोनवरच स्टेज कबूल केलंय. आता तिकडं मजबूत स्टेज शोधतायत. माझ्याकडं चौकशी आली होती; मी घोड्याचा नंबर दिला.

उन्नतीही जाताना भेटून गेली. कमळाकर तिला म्हणाला, “तूसुद्धा? तुला तिकडं काय पद देतायत?”

“काही नाही, सर. उदयसिंहसरांना ठाण्यानं बोलावलंय. मी खाली बसून ऐकणार आहे. एवढी भाषणं ठरवली, एक धड ऐकलं नाही.”

तर आता नवी मुंबई शाखा आहे, आणि तिचा अध्यक्ष आहे. सभासद वगैरे नाहीत. दर महिन्याला कार्यक्रम मात्र झाला पाहिजे, नाहीतर ठाणे. मागच्या रविवारी कमळाकर कोट घालून आला, एकटाच स्टेजवर चढला, लाल गादीवर बसला. मग उठून माइकपाशी गेला, अध्यक्षांचा परिचय करून दिला, परत येऊन बसला आणि मान झुकवली. काशी नि मी स्वैपाकघराच्या दारातून बघत होतो. आम्हाला त्यानं सभासद व्हा म्हणून विचारलं होतं. काशीनं विचारलं, वर बसवशील का? तिथंच ते फिसकटलं.

इतक्यात खिडकीतून कावळा आला. तोच, कार्डांच्या घरट्यातला. कमळाकरनं त्याला बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. सवयीनं त्यानं हात करून शेजारची रिकामी खुर्ची दाखवली. “यावं, यावं. वर यावं.”

कावळ्यानं मान वाकडी करून स्टेज नीट निरखलं. मग पंख झटकून खाली उतरला आणि तिसऱ्या रांगेत, मधल्या खुर्चीच्या पाठीवर बसला. कमळाकरकडं तोंड करून. गप्प.

कमळाकरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यानं उठून माइक हातात घेतला आणि म्हणाला, “उपस्थित श्रोते हो!”